पाव्लाने चिकटवलेल्या कांड्या

आमच्या रिब्नित्सा गावात घरोघरी चाळण्या नाहीतर लाकडी डाव होतात. शेजारचा विन्को मात्र पेनं करायचा. लाकूड कातायचं लेथ त्याचं, पण पेनाचं रूप ठरवायची त्याची बायको पाव्ला. काळपट अक्रोड, पांढुरकं मेपल, तांबूस चेरी यांच्या पट्ट्या ती तिरक्या कापायची, सरस लावून एकमेकींना चिकटवायची आणि चौकोनी कांडी त्याच्या हातात द्यायची. तोवर नुसत्या रेघा दिसत. कांडी लेथवर गोल होऊ लागली की रेघा वळत आणि नक्षी उमटे.

"काय निघणार, सांग की," तो म्हणायचा.

"तू फिरव. कळेल."

थंडी सरता सरता पाव्ला गेली. तिच्या कांड्या फळीवर राहिल्या. सुरुवातीला विन्कोने त्या भराभर कातल्या. प्रत्येकीतून काहीतरी नवं निघे आणि तेवढा वेळ ती घरातच असल्यासारखी वाटे. मग फळी रिकामी होत चाललेली दिसली आणि त्याने हात आखडता घेतला. स्वतः चिकटवून पाहिलं, तर सांध्यांत फटी. सप्टेंबरच्या जत्रेत त्याने दुकान मांडलंच नाही.

पाव्लाची थोरली बहीण झोफ्का रविवारी पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, घेऊन यायची. जिभेला धार.

"उबवतोयस का त्यांना? पिल्लं निघतील?"

"राहू देत गं. संपल्या की संपल्याच."

त्या शरदात पाऊस हटेना. भिंतीला ओल आली. एक कांडी उचलली तर तिच्या पट्ट्या सुट्या होऊन हातात आल्या. त्याने कुंपणावरून मला हाक मारली. गेले, तर टेबलावर तो पट्ट्या जुळवत बसलेला.

"हिच्यात काय होतं, ते आता कळायचं नाही," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून लेथ सुरू झालं. शेवटची कांडी पाव्लाने आजारपणात केलेली. रेघा कुठे जाड, कुठे बारीक, एक तर मध्येच विरलेली. रविवारी ते पेन झोफ्काने हातात घेतलं.

"हात थरथरायचा तिचा," ती म्हणाली. "तुला सांगू नको म्हणायची."

"मला दिसत होतं. पट्ट्या धरायला गेलो की खेकसायची, 'तू तुझं लेथ बघ!'"

दोघंही हसली. मग झोफ्काला रडू आवरेना.

"घेऊन जा," विन्को म्हणाला.

"आणि तुला?"

"माझं बघून झालं."

म्हणाला खरा, पण ती वळणाआड गेली तरी तो फाटकातच उभा होता.

पुढच्या जत्रेत त्याने नासपतीच्या लाकडाची साधी पेनं मांडली. जुनी गिऱ्हाइकं पट्ट्यांची पेनं मागायची.

"ती पाव्लाची," तो सांगायचा. आणि मग कुणी न विचारता तिच्याबद्दल बोलत राहायचा. गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे सरकलं, तरीही.