टाचा न टेकणारी गाडी

वंदना घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. माणसं उपाशीपोटी वाट पाहत बसलेली असतात, त्यामुळे लोकांचा सकाळचा चहा व्हायच्या आत तिला धरमपेठेतली सगळी घरं उरकावी लागतात. प्रत्येक घरापाशी गाडी लावा, काढा, वळवा. आधीची छोटी स्कूटर तिच्या हातातली होती. ती खिळखिळी झाल्यावर नवी पसंत करायला तिचे यजमान रुपराव सोबत गेले. उंचापुरा माणूस. शोरूमबाहेर एक चक्कर मारून आले आणि खूष होऊन म्हणाले, "एकशेपंचवीस सीसीचीच घेऊ. पिकअप पाह्य काय हाये!"

वंदना सीटवर बसली, तर तिच्या टाचा अधांतरी.

"सवय होते वं," रुपराव म्हणाले.

सवय झाली नाही. गाडी पळायची झकास, त्याबद्दल तक्रार नव्हती. छळ सुरू व्हायचा तो थांबल्यावर. सिग्नलला चवड्यावर तोल सांभाळत उभं राहायचं. मेन स्टँडवर तर ते धूड तिच्याकडून एकदाही चढलं नाही. शेजारी कोणी गाडी चिकटवली की ही अडकलीच. मग कोणीतरी भला माणूस पुढे यायचा, "थांबा मॅडम, तुमच्यानं नाही होणार," म्हणत हँडल हातातून काढून घ्यायचा आणि जाता जाता सांगायचा, "छोटी घ्यायची ना गाडी." वंदना मुकाट्यानं मान हलवायची आणि पुढच्या घरापर्यंत दात आवळून जायची. हवा भरणं, ऑइल बदलणं, सर्व्हिसिंगच्या रांगेत बसणं, सगळं तिच्याकडे. रुपराव फक्त रविवारी गाडी पुसायचे आणि शेजाऱ्यांना दाखवायचे.

एके दिवशी गोपिकाबाईंच्या घरी ती गेली. ऐंशीच्या घरातली बाई, हाताच्या शिरा दोऱ्यासारख्या. एका हातात शीर सापडली नाही, दुसऱ्या हातात कशीबशी सापडली. नमुन्याच्या नळ्या डब्यात ठेवून वंदना खाली आली. गाडी फाटकाच्या उतारावर होती. मागे घेताना चाक घसरलं, तिनं पाय टाकला, पण पायाला जमीन लागेना. गाडी आडवी झाली. डबा उघडून नळ्या फरशीवर फुटल्या.

तिला पुन्हा वर जावं लागलं. गोपिकाबाईंनी सुजलेला हात पुढे केला. वंदनाला रडूच आलं, पण सुई हातात असताना रडता येत नाही.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. रुपराव ऐकता ऐकता उठले, बाहेर जाऊन गाडीभोवती फिरले.

"गाडी कोठं घासली काय?"

"मले लागलं काय ते विचारा पहिले!"

"तुले लागलं असतं तं तू सांगितलंच असतं ना."

दुसऱ्या दिवशी काम आटोपून तिनं सरळ सीटवाल्या नत्थूजींचं दुकान गाठलं आणि सीट दोन इंच खाली करायला सांगितली.

नत्थूजींनी नवीकोरी सीट चाचपून पाहिली. "ताई, घरी भाऊले विचारलं काय? मागून लोक येऊन भांडतात."

"गाडी माह्या नावावर हाये, नत्थूजी. तुमी कापा."

त्यांनी फोम कापला, वर कव्हर ताणून बसवलं. वंदना बसली. टाचा टेकल्या. पूर्ण नाही, पण पोटऱ्यांचा ताण गेला. सीट मात्र फळीसारखी कडक झाली होती. दुपारपर्यंत कंबर बोलायला लागायची. मेन स्टँडचं दुखणं तर होतंच तसंच.

रुपराव भडकले. "नव्या गाडीची वाट लावली! आता कोण घेईन ही?"

"विकाची कोणाले हाये?"

दोन दिवस ते फुगून होते. रविवारी दोघं सावनेरला रुपरावांच्या भावाकडे निघाले. कोराडीपर्यंत त्यांनी कसंबसं रेटलं. गुडघे वर येऊन हँडलला घासायला लागले, तशी त्यांनी गाडी कडेला घेतली.

"तूच चालव वं."

वंदना पुढे बसली. मागून लगेच सुरुवात झाली. खड्डा हाये, हॉर्न दे, ट्रक येऊन राहिला, ब्रेक काहून मारला? पाटणसावंगीच्या अलीकडे तिनं गाडी थांबवली. दोन्ही पाय रस्त्यावर रोवले आणि मान वळवून म्हणाली, "बोलाचं असन तं उतरा. मागून बस भेटते."

रुपरावांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. बस दिसत नव्हती. त्यांनी मागची दांडी घट्ट धरली आणि सावनेर येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.