कृष्णनाथच्या कॉम्प्युटरातलं मुकं गाऱ्हाणं

पेडण्याच्या बाजारात कृष्णनाथचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पुढे एक काच, काचेत कोणी न्यायलाच न आलेले फोटो, आणि आत पडद्यावर रंगवलेला धबधबा. अर्ध्या तालुक्याचे साखरपुडे त्या धबधब्याखाली कोरडे उभे राहून गेलेत. धबधबा कुठला म्हणून विचारलं तर कृष्णनाथ "दूधसागर" म्हणतो. गिऱ्हाईक शंकेखोर निघालं तर "दूधसागर, पावसाआदलो" म्हणतो.

लग्नाच्या व्हिडिओतला त्याचा हात सगळ्यांना ठाऊक. नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येणार, चंद्रावर जाऊन बसणार, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई वाजणार. माणसं नुसती तोंडं हलवणार. याचं कारण आहे. धंद्याच्या सुरुवातीला त्यानं एका लग्नाचा खरा आवाज तसाच ठेवला होता. पुढे दोन्ही घरची मंडळी फणसाचे तळलेले गरे खात ती कॅसेट बघायला एकत्र बसली, आणि नवरीच्या मावशीनं मुलाकडच्यांनी घातलेल्या बांगड्यांविषयी जे हळूच म्हटलं होतं ते टीव्हीतून मोठ्यानं बाहेर आलं. गरे ताटात राहिले. दोन घरांचं बोलणं तुटलं ते बारशापर्यंत. तेव्हापासून कृष्णनाथ लग्नातला आवाज आधी काढून टाकतो आणि मग चहा पितो. "फोटो माझो, आवाज कोणाचोच न्हय," असं तो म्हणायचा. आवाज ही वस्तू माणसाला कधी लागू शकते, हे त्याला फार उशिरा कळलं.

गोव्याला राज्य होऊन वीसेक वर्षं झाली होती. मोबाईलात व्हिडिओ बघण्याची हौस तेव्हा नवी नवी होती, आणि इब्रामपूरच्या पलीकडे कृष्णनाथचा जो वाडा, म्हणजे वस्ती, आहे तिथले दत्तारामभाऊ आजारी पडले होते.

दत्तारामभाऊ म्हणजे देवळातले मानकरी. जत्रेच्या दिवशी गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. सीमेवरच्या देवापासून विहिरीजवळच्या दगडापर्यंत सगळ्यांची नावं ओळीनं घ्यायची, गावाची सुखदुःखं सांगायची, आणि दर वाक्याला सगळ्या वाड्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे गाऱ्हाणं कागदावर उतरवायचं नाही अशी वाड्याची रीत. उतरवलं तर देवाला वाचून दाखवल्यासारखं होतं, आणि देव काही शाळामास्तर नव्हे. ते बापाच्या तोंडातून मुलाच्या कानात जायचं, दुसरी वाट नाही. कृष्णनाथनं एका जत्रेत व्हिडिओ काढायची परवानगी मागितली तेव्हा देवळात मोठा खल झाला. शेवटी व्हिडिओ म्हणजे कागद नव्हे, यावर एकमत झालं. कृष्णनाथनं त्या वर्षी नवा बिनवायरीचा माईक आणला होता. भाऊ सोवळ्यात, त्यांच्या अंगाला तो लागायचा नाही, म्हणून त्यानं तो समईशेजारी ठेवला आणि त्याचा आवाज पकडणारा डबा देवळाच्या विजेच्या बोर्डावर जोडला.

भाऊंना पहिला झटका आला तो हलका होता. जीभ थोडी जड झाली, एवढंच. त्यांनी मुलाला, यशवंतला, खाटेजवळ बोलावलं. यशवंत डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा, आठवड्यानं घरी यायचा. भाऊ म्हणाले, बस, ऐक, आता तुला सांगून ठेवतो. कृष्णनाथ तेव्हा पाव आणि बिस्किटं घेऊन आजाऱ्याला बघायला आलेला. तो खुर्चीवरून पुढे झुकून म्हणाला, "भाऊ, तुमी आराम करात. सगळां माझ्या कॉम्प्युटरात आसा. अक्षर ना अक्षर."

भाऊंना बरं वाटलं. यशवंतला बरं वाटलं. भाऊंच्या बायकोनं, अनुसयाकाकीनं, कृष्णनाथला चहात जास्त साखर घातली.

आठ दिवसांनी दुसरा झटका आला, त्यात भाऊंची वाचा गेली. डोळे सगळं ओळखायचे, उजवा हात पडून राहायचा, आणि तोंडातून पाणी मागण्याइतकाही शब्द फुटायचा नाही. जत्रा जवळ आली. गाऱ्हाणं आता यशवंतनं घालायचं होतं, आणि त्याला येत होतं ते फक्त सुरुवातीचं "बा देवा म्हाराजा". तेवढं वाड्यातल्या कोंबड्यांनाही येतं.

खाणीवर ट्रक रांगेत तासन् तास उभे असतात. तेवढ्यात मोबाईलवर ऐकून पाठ करायचं, असं यशवंतनं ठरवलं. कॉम्प्युटरातली फाईल मोबाईलात चालत नाही, तिचा प्रकार बदलावा लागतो. कृष्णनाथनं तो बदलला, फाईल मोबाईलात भरून दिली, आणि यशवंत डिचोलीला गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "कृष्णनाथदा, बाबा बोलतत. पण आयकूं येना."

कृष्णनाथनं त्याला आवाज वाढवायला सांगितलं. वाढवलेलाच होता. दुसऱ्याच्या मोबाईलात घाल म्हणाला. घातलं. रांगेतल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या मोबाईलात दत्तारामभाऊ हात जोडून, मान हलवून, तळमळीनं बोलत होते आणि कुठेच काही ऐकू येत नव्हतं. कृष्णनाथच्या लग्नाच्या व्हिडिओसारखंच, फक्त सनई तेवढी नव्हती.

मूळ कॅसेट शोधण्यात अर्थ नव्हता. तिच्यावर तीन लग्नं होऊन गेली होती. देवळाला दिलेली सीडी कपाटात कापराच्या पुडीशेजारी राहून पांढरी पडलेली. राहिली होती ती कॉम्प्युटरातली फाईल. कृष्णनाथनं ती या प्रकारातून त्या प्रकारात घातली, तिथून तिसऱ्यात. कॉम्प्युटरावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची आणि तो तिच्यासमोर हात जोडून बसायचा. दर खेपेला चित्र थोडं पुसट व्हायचं. आवाज मात्र पहिल्याइतकाच नसायचा. त्यानं स्पीकर बदलले, वायरी बदलल्या, कॉम्प्युटर बंद करून थोडा विसावा दिला. आजाऱ्याला देतात तसा. कोणी फोटो काढायला आलं तर त्याला धबधब्यासमोर उभं करून तो फोटो काढायचा विसरायचा.

शेवटी त्यानं पणजीच्या एका दुकानदाराला फोन लावला. त्याच्याकडूनच कॉम्प्युटर घेतला होता. तो म्हणाला, फाईल म्हणजे एक गाठोडं असतं, त्यात चित्राची पुडी वेगळी आणि आवाजाची वेगळी. तू चित्राची बदललीस, आवाजाची जुनीच राहिली, ती मोबाईलला उघडता येत नाही. दोन्ही पुड्या बदल.

कृष्णनाथनं दोन्ही बदलल्या, आणि ढोल वाजला. देवळातली घंटा वाजली. कोणीतरी कोणाला तरी "सर मरे पलीकडे" म्हणालं. कृष्णनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं शेजारच्या न्हाव्याला ओढत आणून ऐकवलं, त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही फेसासकट आलं. मग पडद्यावर ढोल थांबला, भाऊ पुढे आले, हात जोडले. आणि आवाज गेला. गाऱ्हाणं सुरू झालं तिथून संपलं तिथपर्यंत काही नाही. संपल्याबरोबर पुन्हा ढोल.

न्हावी गिऱ्हाईकाला उरलेली दाढी करायला घेऊन गेला.

आता पुड्यांचा दोष म्हणता येईना. कृष्णनाथ तसाच बसून होता तेव्हा धाकू आत आला. धाकू म्हणजे देवळातला माईकवाला. भोंगा, पंखे, दिव्यांच्या माळा सगळं त्याच्या ताब्यात. जत्रेच्या माळांचं बोलायला आला होता. कृष्णनाथनं त्याला पडदा दाखवला. धाकूनं गाऱ्हाण्याचा भाग नीट बघितला आणि अभिमानानं सांगितलं, "आवाज खंयसून येतलो? गाऱ्हाण्याच्या येळार आपूण सगळे स्विच बंद करतां. देवाच्या आनी माणसाच्या मदीं करंट नाका. माझो बापूय पेट्रोमॅक्स बारीक करी."

ही रीत कृष्णनाथला लहानपणापासून माहीत होती. गाऱ्हाण्याला पंखे थांबतात, बायका पदरानं वारा घेतात, हे सगळं त्याच्याच व्हिडिओत दिसत होतं. आपल्या माईकचा डबा त्याच बोर्डावर आहे, हे तेवढं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. धाकूवर रागावण्यासारखं काही नव्हतं. धाकूचं काम चोख झालं होतं.

त्यानं भर दुपारी स्टुडिओ बंद केला आणि यशवंतच्या घरी जाऊन सांगून टाकायचं म्हणून मोटारसायकल काढली. इब्रामपूरच्या अलीकडून परत फिरला. काय सांगणार होता? आठ दिवस वेळ होता तेव्हा बाप बोलत होता, आणि मी त्याला गप्प बसवलं, हे? रात्री घरी गेला, पण जेवला नाही. बायको वैशाली म्हणाली, दुसऱ्याच्या आजारात आपलं पोट कशाला मारता. तर तो उठून स्टुडिओत गेला आणि धबधब्यासमोरच्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिला. यशवंतचा फोन वाजत होता. तो उचलला नाही.

उचलला तो पणजीवाल्याचा. त्यानं सहज चौकशी केली होती. सगळं ऐकल्यावर म्हणाला, अरे, त्या कॅमेऱ्याला स्वतःचाही कान आहे. तुझा बिनवायरीचा माईक एका पट्टीवर लिहितो, कॅमेऱ्याचा कान दुसऱ्या पट्टीवर. फाईल बदलताना पहिलीच पट्टी येते. मूळ फाईल उघड, दुसरी माग.

कृष्णनाथनं दुसरी मागितली.

"व्हय म्हाराजा!" म्हणून सगळा वाडा असा ओरडला की काचेतले फोटो थरथरले. कृष्णनाथ स्टुलावरून उठला, परत बसला. आवाज होता. मग त्यानं नीट कान दिला. कॅमेरा स्टँडवर ठेवला होता मागे, माणसांच्या गर्दीत. वाड्याचा होकार कानठळ्या बसवणारा, आणि दोन होकारांच्या मध्ये भाऊंचं बोलणं घड्यात कोंडलेल्या भुंग्यासारखं. त्यानं आवाज वाढवला, तर होकारही वाढला. होकार कापून टाकला, तर नुसता भुंगा राहिला. देवांची नावं, सीमांची नावं, सगळी त्या गुणगुणीत होती आणि एकही कळत नव्हतं.

आता पळायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कॉम्प्युटरचा डबा आणि स्पीकर पोत्यात बांधून रिक्षात घातले आणि यशवंतकडे नेले. यशवंत रजा टाकून आला होता. कृष्णनाथनं ओसरीवर मेजावर सगळं मांडलं आणि काहीही न लपवता सांगितलं. यशवंत ऐकून घेत होता. रागावला असता तर कृष्णनाथला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "माजो बापूय सांगूंक बसलेलो रे, कृष्णनाथदा."

अनुसयाकाकी दारात उभी होती. तिनं आयुष्यभर ते गाऱ्हाणं बायकांच्या घोळक्यातून ऐकलेलं. लाव बघू म्हणाली, एखादं नाव मला ओळखू येईल. कृष्णनाथनं लावलं.

गुणगुण झाली. "व्हय म्हाराजा!" घर दणाणलं.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला. जाडा, घसरता, ओला. अनुसयाकाकीनं मेजाला धरलं. खाटेवर पडल्या पडल्या भाऊंनी पुढचं वाक्य म्हटलं होतं, देवाच्या नावासकट. स्पीकरमधून पुढचा होकार आला तसं त्याच्या पुढचं. तिघंही आत धावले. भाऊ वर आढ्याकडे बघत होते, डावा हात छातीवर धरून, जोडायला दुसरा नव्हता म्हणून एकटाच.

कृष्णनाथनं घाईत बाहेर जाऊन फाईल थांबवली, नीट ऐकू यावं म्हणून. भाऊही थांबले. काकीनं विचारलं, पाणी हवं? भाऊंचे ओठ हलले, काही आलं नाही. डोळे भरून आले. यशवंतनं "बाबा, फुडें?" म्हणून विनवलं. काही नाही. पुन्हा फाईल लावली, होकार आला, आणि भाऊंचं पुढचं वाक्य सुरू. डॉक्टरांनी नंतर काहीतरी कारण सांगितलं, पाठ झालेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं म्हणून. तेव्हा तिघांना एवढंच कळलं की भाऊ आता कोणाशी बोलू शकत नाहीत, पण वाड्यानं होकार दिला की देवाशी बोलतात.

पुढचा होकार यायच्या आत वीज गेली. पेडण्यात ती नेहमीच जाते. स्पीकर गप्प झाला, भाऊ अर्ध्यावर राहून दाराकडे बघू लागले. वाट बघत होते. कृष्णनाथ उंबऱ्यात उभा होता. जन्मभर तो कॅमेऱ्यामागे राहिलेला, जत्रेतही होकार देताना नुसते ओठ हलवायचा, चित्र हलू नये म्हणून. त्यानं घसा साफ केला.

"व्हय म्हाराजा."

भाऊंनी पुढचं म्हटलं. यशवंतनं ते त्यांच्यामागून म्हटलं. मग तिघंही होकार द्यायला लागले. काकीसुद्धा, जिनं देवळात कधी दिला नव्हता. त्या दिवशी भाऊ मध्येच थकून झोपले. कृष्णनाथ जत्रेपर्यंत रोज येत राहिला, स्टुडिओला कुलूप लावून. त्याचा घसा बसला. गिऱ्हाइकांना तो खुणेनं हसायला सांगायचा. भाऊ कधी एक देव गाळायचे, कधी तोच दोनदा घ्यायचे, आणि विहिरीजवळच्या दगडाचं नाव आलं की दर खेपेला दोनदा खोकायचे.

जत्रेला धाकूनं पंखे बंद केले. यशवंत पुढे झाला. मध्ये एका जागी तो इतका वेळ अडला की बायकांचे पदर हलायचे थांबले. कृष्णनाथ गर्दीत होता, कॅमेरा घरी ठेवून. बसल्या घशानं त्यानं वेळ नसताना एकट्यानंच होकार दिला. लोकांनी वळून बघितलं. यशवंतला पुढचं आठवलं.

विहिरीजवळच्या दगडाचं नाव घेतल्यावर यशवंत दोनदा खोकला. खोकला गाऱ्हाण्यातला की भाऊंचा, हे सांगायला भाऊंना येत नव्हतं, आणि गाळायची यशवंतची छाती झाली नव्हती. वाडा क्षणभर थबकला. मग सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हटलं.