काश्यप गोत्राच्या फायली

बनारसच्या रामघाटावरच्या आमच्या गुरुजींच्या मते, ईमेलमधून आलेली फाइल उघडत नसेल तर तिचं गोत्र चुकलेलं असतं. नावापुढचा ठिपका आणि त्यानंतरची तीन-चार अक्षरं म्हणजे फाइलचं गोत्र. ती अक्षरं अनोळखी दिसली की गुरुजी ती खोडून तिथे 'पीडीएफ' लिहायचे. "गोत्र ठाऊक नसेल त्याचं काश्यप म्हणावं. फायलींमध्ये काश्यप म्हणजे पीडीएफ. बस, किस्सा खतम!"

परदेशातल्या यजमानांच्या पूजा ऑनलाइन सांगता याव्यात म्हणून बंगळूरला असलेल्या त्यांच्या मुलाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. एका यजमानाने मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ पाठवला. गुरुजींनी त्याचीही पीडीएफ केली. तो उघडेना, तेव्हा म्हणाले, "बटू लाजतोय." एकदा त्यांचा मेल पोचला नाही, असं मशीनचं उत्तर आलं. त्या उत्तराला त्यांनी 'चिरंजीव भव' असं लिहून पाठवलं. आशीर्वादही परत आला. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, त्या मशीनला तरी सोडा!"

मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या शाळेतून शिकून बनारसला आले होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. गुरुजींची वरची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी घरात सत्यनारायण होता. संकल्पाच्या वेळी त्यांनी मला गोत्र विचारलं. "आमच्याकडे कोणाला माहीत नाही," मी खाली बघून म्हणाले.

"मग काश्यप. आमचंही तेच. घरचीच निघालीस की!" आणि ते पुढचा मंत्र म्हणू लागले. त्या दिवसापासून मी खालीच जेवू लागले.

शिक्षण संपलं तेव्हा महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात मी प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला. गुरुजींच्या कॉम्प्युटरवरूनच सगळी कागदपत्रं पाठवली. शेवटच्या दिवशी दुपारी कॉलेजातून फोन आला. "मॅडम, तुमची एकही फाइल उघडत नाही. पाचपर्यंत नीट पाठवा, नाहीतर अर्ज बाद." गावाकडे बाबा सगळ्यांना सांगून बसले होते की पोरगी प्रोफेसर होणार.

मी फायली बघितल्या. गुणपत्रिकांचे फोटो, वर्डमधला प्रबंध, सगळ्यांपुढे पीडीएफ.

"गुरुजी, तुम्ही हात लावलात?"

"अगं, चांगल्या कामाला चाललेल्या. एका गोत्रात असाव्यात म्हणून काश्यप लावलं."

मला रडू फुटलं. गुरुजी इतके घाबरले की देवघरातली पळी हातात घेऊनच शेजारी येऊन बसले.

फाइल साध्या मजकुरासारखी उघडली की आत बरीचशी अगम्य चिन्हं दिसतात, पण अगदी सुरुवातीला ती कुठल्या जातीची आहे ते सांगणारी अक्षरं असतात, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं. मी एकेक फाइल तशी उघडू लागले आणि गुरुजी चष्मा वर करून वाचू लागले.

"पी, के. हा कोण?"

"वर्ड."

"जे, एफ, आय, एफ?"

"फोटो."

"म्हणजे हे प्रवर! गोत्र कोणी बदललं तरी मूळ ऋषी आत बसलेले!" ते ओरडले. मग प्रत्येक फाइलीची क्षमा मागून त्यांनी स्वतः तिचं जुनं गोत्र लिहिलं. पाचच्या आत कॉलेजातून उत्तर आलं, सगळं उघडलं. गुरुजींनी हातातली पळी तोंडाला लावली. ती रिकामी होती.

नोकरी लागली, मी बनारस सोडलं. कॉलेजातल्या पहिल्या दिवशी त्यांचा मेल आला, सोबत 'आशीर्वाद' नावाची पीडीएफ. ती उघडली नाही. मी आतली पहिली अक्षरं वाचली. आवाजाची फाइल होती. सुरुवातीला 'काश्यपगोत्रोत्पन्ना' म्हणून माझं नाव, मग मंत्र, आणि मग काकू.

"बंद केलंत का ते?"

"करतो. आधी पीडीएफ कुठे लिहायचं ते बघू दे."

"अहो, तशीच भेजा ना! पोरगी वाट बघत असेल."

"बिनगोत्राची कशी पाठवू? घरच्या पोरीला चाललीये."

गुरुजी गेले, तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. मणिकर्णिकेवर सगळं उरकून गेलं होतं. काकू आता मुलाकडे असतात. कधी ऐकावंसं वाटलं की त्या फाइलीची एक प्रत काढते आणि प्रतीचा प्रकार बदलून ऐकते. मूळ फाइलीचं गोत्र बदललेलं नाही. माझंही नाही.