गाडी बरकत

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात विश्वास ठेवायचं खातं नवऱ्याकडे आहे. मोटारसायकलला लिंबू-मिरची बांधणारे तेच, आणि मांजर आडवं गेलं की गाडी थांबवून दुसऱ्या कुणाला तरी आधी पुढे जाऊ देणारेही तेच. मी मात्र 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' या जातीची. जळगाव जामोदला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. इतकी वर्षं या डब्यांसमोर बसल्यावर एक गोष्ट अंगात भिनते, ती म्हणजे मशीन आपणहून काही करत नाही. बिघडलं तरी त्याला कारण असतं आणि सुरू झालं तरी कारण असतं. खाली जे लिहिते आहे त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही... म्हणूनच लिहायला बसले.

आमच्या गावाबाहेर नांदुरा रस्त्याला एक जिनिंग फॅक्टरी होती. कापसातून सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. गेटमधून आत गेलं की डाव्या हाताला मोठा वजनकाटा, त्याला लागून पत्र्याची एक खोली. त्या खोलीच्या खिडकीतून सातपुडा स्वच्छ दिसायचा, कापसाच्या फुसाने, म्हणजे उडणाऱ्या तंतूंनी, काच पांढरी झाली नसेल तर. काट्यावर हमीदचाचा असत. मी या गावात लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथले काटेवाले होते.

चाचांचं काम वजन करायचं आणि ते मोठ्याने पुकारायचं. आवाज असा खणखणीत, की रांगेतल्या शेवटच्या गाडीवाल्याला ऐकू जाई. दिवसातली पहिली गाडी काट्यावर चढली की ते 'गाडी एक' कधीच म्हणत नसत. 'गाडी बरकत' म्हणत. बरकत, मग दोन, मग तीन... माझ्या माहेरी खळ्यावर धान्य मोजताना आजोबा पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचे, तसंच हे. शेतकरी हिंदू असो की मुसलमान, चाचांची बरकत ऐकल्याशिवाय पहिली गाडी काट्यावरून खाली उतरवत नसे.

बीटीचं बियाणं नवीन होतं त्या वर्षांत कापूस इतका यायचा की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाई. तेव्हा फॅक्टरीच्या मालकांनी, शेठनी, कॉम्प्युटरचा काटा बसवला. झालं भलतंच. पडद्यावर आकडा दिसे, पण चाचा पुकारेपर्यंत कुणी पावतीच हातात घेईना. एक आजोबा तर शेठना तोंडावर म्हणाले, "आकडा तर टीव्हीवर बी दिसते. चाचाले बोलू द्या." शेवटी शेठनी तोडगा काढला, चाचांचाच आवाज मशीनमध्ये घालायचा.

काटा बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर आला आणि मदतीला शेठनी मला बोलावलं. मी हेडफोन लावून बसले होते. चाचांनी माइकसमोर खाकरून 'गाडी' म्हटलं आणि पुढे ठेवून दिलं 'बरकत'. इंजिनीअर हसला. "चाचा, मशीनला एक लागतो." चाचा म्हणाले, "मंग मशीनले सांग ना बे, बरकत म्हनजेच एक." बराच वेळ दोघांची घासाघीस चालली. शेवटी चाचांनी 'एक' म्हटलं, पण कसं? सर्दी झालेल्या माणसासारखं. नाराज, बारीक, जीव नसलेलं. पुढे दोनपासून शंभरपर्यंत मात्र तोच खणखणीत आवाज. निघताना मला म्हणाले, "आता मी मेलो तरी ड्युटी चालू."

तेव्हापासून रोज सकाळी मशीन म्हणे 'गाडी एक' आणि पाठोपाठ खुर्चीतून चाचा दुरुस्त करत, 'बरकत'. मग गाडी खाली उतरे.

पुढे गुलाबी बोंडअळी आली. त्या हंगामात लोकांनी बोंडं फोडून पाहिली तर आत पांढरा कापूस नाही, नुसती किडकी, पिवळी कवडी. कुणी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मेंढ्या सोडल्या, कुणी रोटावेटर फिरवला. औषधं मारून मारून हात भाजले, पण अळीने ऐकलं नाही. जिनिंगची रांग गेली, मग गाड्याही तुरळक झाल्या. त्याच हिवाळ्यात चाचा झोपेतच गेले. काटा मात्र त्यांच्याच आवाजात बोलत राहिला, दिवसाला चार गाड्या असोत की दोन. हंगाम संपला तसं शेठनी फॅक्टरी बंद केली. माणूस वाईट नव्हता, पण गाड्याच नाहीत तर तो तरी काय करणार?

त्यानंतर एका दुपारी फातेमा खाला माझ्या क्लासवर आल्या. खाला म्हणजे चाचांच्या बायको. दारातच उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसेनात.

"मॅडम, त्या काट्याच्या कम्प्युटरमंधी त्याइचा आवाज हाय म्हनते. खरं हाय का?"

मी हो म्हटलं.

"जिवंत होते तवा मी कधी गेली नाई आयकाले. घरी बोलतच होते, मंग तिथं जाऊन काय आयकाचं?" मग म्हणाल्या, "चेहरा याद हाय मले. फोटो बी हाय. पन आवाज जाऊन राह्यला. सकाळी आठवाले बसली का दुसऱ्याच कोनाचा येते."

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, आणि त्या म्हणाल्या ते काय असतं हे मला नेमकं माहीत आहे.

शेठना फोन केला. कळलं की काटा आधीच उखडून नेला होता आणि बाकीचा लॉट, कॉम्प्युटरसकट, भंगारवाल्याला विकला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन येणार होता. "तोवर काय करायचं ते करा," शेठ म्हणाले. म्हणजे हाताशी एक दुपार.

अडचण अशी होती. काटा नाही, म्हणजे वजन नाही, आणि वजन नाही तर मशीन बोलणार नाही. आवाज सगळा एकाच मोठ्या फाईलमध्ये कोंबलेला. ती फाईल फक्त त्याच कॉम्प्युटरवर उघडायची, कारण त्याच्या मागच्या बाजूला कंपनीने एक छोटं कुलूपवजा यंत्र खोचलं होतं. कंपनी केव्हाच बंद पडलेली. मी पायथन नावाच्या भाषेत घाईघाईने एक प्रोग्राम लिहिला. फाईल उघडायची, एकेक शब्द सुटा करून वाजवायचा आणि पेन ड्राइव्हवर ठेवायचा. (पायथन हे नाव ऐकून आमच्या यांनी कपाळाला हात लावला. "सापाच्या नावाने कुणी काम सुरू करतं का?") सोबत पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेतली, जी नुसत्या पेन ड्राइव्हवरूनही चालते, आणि खालांना स्कूटीवर मागे बसवून जिनिंगवर गेले.

खोलीत सगळीकडे फुस साचलेलं. कॉम्प्युटर एकदाचा सुरू झाला आणि पडद्यावर ती हिरवी टेकडी, निळं आकाश आलं. विंडोज एक्सपी... बाबा आदमच्या काळातलं. पायथन सुरू करायला गेले, तर मशीनने सरळ सांगितलं की हा प्रोग्राम इथे चालणार नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. चूक माझीच होती, नवीन पायथन एक्सपीवर चालत नाही. त्याला जुनी आवृत्ती लागते, आणि ती मी आणली नव्हती.

खाला चाचांच्या खुर्चीत बसल्या होत्या. हातात जपाची तस्बी. "काय झालं बेटा?"

"प्रोग्राम नवीन आहे, खाला. मशीन जुनं. याला नवीन चालत नाही."

"त्याइचं बी तसंच होतं. नवी चप्पल आनली का आठ दिस नुसती पाहत," म्हणाल्या आणि हसल्या.

मोबाईलवर जुनी आवृत्ती उतरवून घ्यावी म्हटलं, तर पत्र्याच्या खोलीत रेंज नाही. म्हणून मी बाहेर पडले आणि काटा उखडल्याचा खड्डा होता त्याच्या कडेला मोबाईल वर धरून उभी राहिले. लख्ख ऊन होतं. आवारात आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला.

"गाडी."

आणि मग... मोकळ्या गळ्याने, पूर्ण जीव ओतून, "बरकत."

मग दोन. तीन. चार. मी धावत आत गेले. पडद्यावर काळी खिडकी उघडलेली आणि तिच्यात माझ्या प्रोग्रामच्या ओळी एकामागून एक सरकत होत्या. माझाच प्रोग्राम. जो पायथन त्या मशीनवर सुरूच होऊ शकत नाही, त्यावर चाललेला. खाला टेबलापासून दूर, दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटून बसल्या होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि चाचांच्या आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. मी की-बोर्डला हातही लावला नाही. खरं सांगते, लावायची हिंमत नव्हती.

शंभरानंतर 'वजन', 'क्विंटल', 'किलो' झालं आणि खिडकी आपोआप मिटली.

मी लगेच पेन ड्राइव्ह पाहिला. सगळे शब्द सुटे होऊन नीट बसले होते. जेवढे रेकॉर्ड केले होते तेवढेच, एकही जास्त नाही. पहिली फाईल 'गाडी'ची होती, दुसरी वाजवली. आलं ते 'एक'. तेच, सर्दी झाल्यासारखं, नाराज. पुन्हा वाजवली. एक. मग पायथन सुरू करायला गेले तर पुन्हा तोच मेसेज, चालणार नाही. किती वेळा केलं ते विचारू नका.

"खाला, पहिलं काय ऐकलं तुम्ही?"

"बरकत," त्या म्हणाल्या, आणि मी असं का विचारते आहे हेच त्यांना कळेना.

आता माझ्यासारखी बाई स्वस्थ बसणार आहे का? क्लासमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर एक्सपी टाकलं आणि तोच पेन ड्राइव्ह लावला. एकदाही सुरू झालं नाही. पायथनवाल्यांच्या फोरमवर विचारलं, तर एकाने लिहिलं की असं होऊच शकत नाही, तुमच्या पाहण्यात चूक झाली असेल. खालांचा हात चुकून की-बोर्डवर पडला असेल असं गृहीत धरलं, तरी मेसेज आला असता, प्रोग्राम चालला नसता. जुन्या इंजिनीअरचा नंबर शोधून त्यालाही विचारलं. तो म्हणाला, 'बरकत'वालं रेकॉर्डिंग त्याने माझ्यासमोरच पुसलं होतं, आणि ते मलाही आठवतं. कानाला भास झाला म्हणावं, तर दोघींना एकच भास, तोही एकाच वेळी, एक आत आणि एक बाहेर? यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर क्लासच्या दारावरही लिंबू लटकेल.

मी ते सगळे शब्द खालांच्या साध्या फोनमध्ये टाकून दिले. काही दिवसांनी सहज त्यांच्या घरी गेले तर त्या दारात सुपाशी बसून दळणासाठी ज्वारी मोजत होत्या. पलीकडच्या घरच्या बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, चाचा गेल्यापासून खाला मोजतच नव्हत्या. एकटीला काय लागतं म्हणून ओंजळीने उचलून घेत. आज मात्र माप डब्यात ओतताना त्यांनी मोठ्याने म्हटलं, "बरकत." मग दोन. मग तीन.

मला राहवलं नाही. "खाला, फोनमध्ये तर एक आहे ना?"

"हाव. रोज आयकतो मी." त्यांनी माप खाली ठेवलं. "थे मशीनसाठी म्हनलं होतं त्याइनं. त्या दिवशी मशीनसाठी नाई म्हनलं."

मी चहा घेतला आणि घरी आले. माझ्याकडे आजही याचं स्पष्टीकरण नाही, आणि तो पेन ड्राइव्ह मी अजून ठेवलेला आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाला मशीनमधलं माझ्यापेक्षा जास्त कळत असेल आणि यामागचं खरं कारण सापडलं, तर मला जरूर सांगा. फक्त खालांना सांगायला जाऊ नका.