थांबामावशींचं स्टूल

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी कपडे अल्टर करून द्यायच्या. शिलाई मशीन दारातच आणि दाराबाहेर एक स्टूल. लिफ्ट कैक वर्षं बंद, त्यामुळे वर जाणाऱ्याचा दम नेमका त्यांच्या दारात संपायचा. मान न उचलता मावशी म्हणायच्या, "थांबा, दम खा जरा." म्हणून त्या थांबामावशी.

माणूस दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायचा. चौथ्या मजल्यावरची सून एक पायरी, एक उसासा, एक सासूचा उद्धार अशी चढायची. वकीलसाहेब धापासुद्धा मुद्देसूद टाकायचे. पाचव्या मजल्यावरचे आजोबा गॅसवरच्या किटलीसारखे, फूऽऽ, फूऽऽ. मावशी सगळ्यांची नक्कल करायच्या; आजोबांची तर आजोबांसमोरच. "चावट कुठली," म्हणत ते स्टुलावर टेकायचे आणि हसून हसून त्यांना पुन्हा धाप लागायची. एकदा त्या फूऽऽमध्ये घरघर मिसळली, तेव्हा मावशींनीच त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. न्यूमोनिया निघाला, वेळेवर कळलं म्हणून वाचले.

मग आरोग्य केंद्राची ताई पाहणीला आली. शेजारी येतात का, अडीअडचणीला कोणाला हाक मारता, असलं काहीबाही विचारू लागली.

"हाक कशाला मारायची? सगळे इथूनच तर जातात," मावशी म्हणाल्या. "ते राहू द्या, लिफ्टचं लिहा. आजोबांच्या गुडघ्यांची पार वाट लागलीय."

ताईने लिहिलं. घरोघर सह्या मावशींनीच गोळा केल्या. लिफ्ट सुरू झाली तेव्हा आजोबा खालूनच ओरडले, "मावशे, सुटलो तुझ्या तावडीतून."

खरंच सुटले. लिफ्ट सूंऽऽ करत तिसरा मजला ओलांडायची. मावशी मान वर करायच्या, पुन्हा खाली घालायच्या. स्टुलावर कपड्यांचा ढीग साचला.

आजोबा गेल्याचं त्यांना कळलं ते सगळं उरकल्यावर, पँट आखूड करायला आलेल्या वकीलसाहेबांकडून. "पुन्हा न्यूमोनियाच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मावशींना लिफ्टचं बटण दाबवेना. जिन्यानेच पाचव्या मजल्यावर आजोबांच्या घरी गेल्या. आजींनी दार उघडलं.

"लिफ्ट बंद पडली का गं?"

मावशींनी मानेनेच नाही म्हटलं. आजी कानांनी अधू, आणि इकडे दमही उरला नव्हता.

"बस आधी." आजींनी पाणी दिलं. "डॉक्टर म्हणाले, छाती आधी आठवडाभर तरी घरघरत असणार. माझे हे असले कान. तुला बरोबर ऐकू आलं असतं."

टोमणा नव्हता तो.

रिकामा पेला परत घेत आजी म्हणाल्या, "तू त्यांची नक्कल करायचीस म्हणे. माझ्यासमोर कधी केली नाहीस."

मावशी सरकून त्यांच्या कानाशी वाकल्या. "फूऽऽ…"

"मोठ्यांदा कर गं," आजी म्हणाल्या. "ऐकू येत नाहीये."