हिरव्या वेलीचा बटवा

जवाहर चौकाजवळ दर हिवाळ्यात हस्तकलेचा मेळा भरतो. तिथे एक म्हातारे कारागीर मखमलीवर मणी शिवून बटवे करत बसतात. मी दरवर्षी त्यांच्यापाशी थांबते, पण नाव कधी विचारलं नाही; मी त्यांना चाचा म्हणते, ते मला बाजी, म्हणजे ताई.

यंदा एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी हिरव्या वेलीचा बटवा सांगितला होता आणि त्या थोड्याच वेळात न्यायला येणार होत्या. मी वाकून पाहिलं. हिरव्या पानांत मध्येच तपकिरी मणी ओवले जात होते. सांगावं की गप्प बसावं, कळेना. शेवटी हळूच म्हटलं, "चाचा, ये पत्ती भूरी हो गई."

सुई थांबली. शेजारच्या दुकानात कुणी ऐकलं तर नाही ना, हे त्यांनी आधी पाहिलं. मग दबक्या आवाजात म्हणाले, "हाथ को सब याद है बाजी, आँख भूलने लगी है."

त्यांनी नखाने टाके उसवले. मी स्टुलावर बसून एकेक मणी निवडून त्यांच्या तळहातावर ठेवत गेले. ऊन उतरत होतं आणि माझी नजर सारखी मेळ्याच्या फाटकाकडे जात होती.

बाई आल्या, बटवा उलटसुलट पाहून खूश होऊन गेल्या. चाचा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

"सब हरे थे न?"

"सब," मी म्हटलं.

घरी जाताना रिक्षात मी चष्मा दोनदा पुसला. शेवटच्या पानाची मला अजूनही खात्री नाही.