अर्चनाच्या पाठीचं पाणी

नळीतलं पाणी स्वच्छ दिसत होतं, आणि मशीन मात्र प्रोटीन नेहमीच्या दुपटीच्या वर दाखवत होतं. मी पहिला संशय मशीनवर घेतला. कंट्रोल लावला, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा नमुना मशीनला दिला. उत्तर बरोबर आलं. मग नमुन्यावर संशय घेतला. सुई टोचताना रक्त मिसळलं तरी प्रोटीन वाढतं. मायक्रोस्कोपखाली रक्तपेशी शोधल्या. नव्हत्या.

परभणीत मी बरीच वर्षं पॅथॉलॉजिस्ट आहे. हे पाणी म्हणजे सीएसएफ. मेंदू याच पाण्यात बसलेला असतो आणि ते पाठीच्या मणक्यातून सुईनं काढतात. त्यात प्रोटीन अगदी थोडं असायला हवं. वाढलं, की मेंदूत कुठंतरी सूज आहे.

पाणी वालूरच्या अर्चनाचं होतं. वय चोवीस, लग्नाला अडीच वर्षं. भाकरी थापताना तिला फिट आली आणि हात तव्यावर पडला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत एक गोल कडी दिसली. फिजिशियन डॉ. टाकळकरांना टीबीची गाठ वाटत होती. आपल्याकडे अशी कडी दिसली की पहिला संशय टीबीचाच येतो, आणि त्यात चूक काही नाही. त्यांनी फोन करून टीबीची औषधं सुरू करू का, असं विचारलं.

मी थांबा म्हटलं. टीबीत पाण्यातली साखर बहुतेक वेळा कमी होते. हिची नॉर्मल होती. पेशीही थोड्याच होत्या. मी एमआरआय करायला सुचवलं आणि तिचं रक्त मोठ्या लॅबकडं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अर्चनाचे सासरे रंगनाथराव लॅबमध्ये आले. पांढरं धोतर, गळ्यात माळ, बोलणं हळू. त्यांना रिपोर्ट नको होता, एक पत्र हवं होतं.

"हे दुखणं लग्नाच्या आधीचं हाय, एवढं लिहून द्या मॅडम. सोनपेठवाल्यांनी आमाला फसवलंय."

सोनपेठ म्हणजे तिचं माहेर. पत्र मिळालं की पोरीला तिकडं सोडून यायचं, हे त्यांनी लपवलंही नाही. मी सांगितलं की दुखणं कोणतं हेच अजून ठरलेलं नाही, मग ते कधीचं हे कोण सांगणार? ते उठले, पण दारातून वळून त्यांनी माझ्या डिग्रीच्या फ्रेमकडं बराच वेळ पाहिलं. तिचा बाप माझ्याकडं येऊन गेलाय का, असं त्यांनी काउंटरवर विचारलं, हे मला नंतर कळलं.

एमआरआयमध्ये एकाच्या जागी दोन कड्या निघाल्या, आणि एकीच्या आत टिंबाएवढा पांढरा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. रक्तातही त्या अळीच्या प्रोटीनविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडी सापडल्या. रोग ठरला. अर्चनाच्या मेंदूत पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्मच्या अळ्या होत्या.

ही अळी जिवंत असते तोवर फार हुशारीनं राहते. शरीराला तिचा पत्ता लागत नाही. वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही. ती मरायला लागली की तिच्याभोवतीची पिशवी सैल पडते आणि तिची प्रोटीन्स आसपास झिरपतात. शरीर ती परकी म्हणून ओळखतं आणि हल्ला करतं. सूज येते, रक्तातली प्रोटीन्सही मेंदूच्या पाण्यात उतरतात. त्या भागातल्या पेशींचं एकमेकींशी चाललेलं काम बिघडतं. मग फिट येते. म्हणजे फिट आली ती अळी मरताना. शिरली कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. लग्नाआधीची नाही, असं मला म्हणता येत नव्हतं, म्हणजे माझं खरं उत्तर रंगनाथरावांच्याच उपयोगाचं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही घरांना बोलावलं. हा कृमी डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात जातो, असं सांगताच रंगनाथराव उभे राहिले. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आता तरी हा रोग कुठनं आला ते कळलं, असं म्हणून त्यांनी तिच्या वडिलांकडं बोट केलं. ते बिचारे खाली बघत राहिले. अर्चना भिंतीला टेकून उभी होती. भाजलेल्या हाताला बँडेज होतं. 

डॉक्टरांनी पुढचं समजावलं. मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात. ती भाजीवरून, हातावरून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्या दुसऱ्याच्या मेंदूत अळी होते. त्या दुसऱ्यानं जन्मात मांस खाल्लेलं नसलं तरी. म्हणून दोन्ही घरच्या सगळ्यांची शौच तपासणी करायची.

आधी सोनपेठवाल्यांची करा, अशी रंगनाथरावांची अट होती. आम्ही एकाच दिवशी केली. नावं झाकून नंबर टाकले, कारण आता माझा स्वतःवरही भरवसा नव्हता. मला कुणीतरी एक दोषी सापडायला हवा होता, आणि ही भावना मायक्रोस्कोपवर बसताना वाईट.

सात नंबरमध्ये गोल, जाड कवचाची अंडी दिसली. यादी उघडली. सात नंबर रंगनाथराव.

मी त्यांना एकट्याला बोलावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिच्या बापानं सांगितलं का तुमाला असं करायला?"

मी दुसरा नमुना मागितला आणि तो तपासताना त्यांना शेजारी बसवलं. अंडी दिसल्यावर त्यांना डोळा लावायला सांगितलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण मान वर केली तेव्हा चेहरा उतरला होता.

"पांढऱ्या चपट्या पट्ट्या पडतेत. लय दिवस झाले. कुणाला सांगावं?"

नुसत्या अंड्यांवरून कृमी डुकराचा की गाईबैलाचा, ते ओळखता येत नाही. गाईबैलाचा असेल तर त्याची अंडी मेंदूत जात नाहीत. म्हणून मी शौचातून पडणारी पट्टी, म्हणजे कृमीचा तुटलेला तुकडा, आणायला सांगितली. त्यांनी ती डबीत आणली. दोन काचांमध्ये दाबून पाहिली, तिच्या आतल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजल्या. गाईबैलाच्या कृमीत असतात त्यापेक्षा कमी होत्या. डुकराचाच.

कधी खाल्लं, कुठं, कुणाबरोबर, हे मी विचारलं नाही. लॅबला ते लागत नाही. ते शौचाला मळ्याकडंच जायचे आणि घरची मेथी-कोथिंबीर त्याच मळ्यातून तेच आणायचे, एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. हा कोर्टात टिकणारा पुरावा नव्हता. तरी पत्राचा विषय त्यांनी परत काढला नाही. घरात सांगू नका, असं म्हणाले. रिपोर्ट त्यांचा होता, मला सांगता येणारच नव्हतं. पण सुनेला तुम्ही सांगायला हवं, एवढं मी बोलले. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही.

डॉक्टरांनी अर्चना वगळता दोन्ही घरच्या सगळ्यांना कृमीची गोळी दिली, म्हणजे एकट्याचं नाव पुढं येणार नाही. अर्चनाचे उपचार वेगळे झाले. सूज उतरली. फिटची गोळी चालू राहिली, आणि परत फिट आली नाही.

वर्षभरानं ती रक्त द्यायला आली. नवरा बाहेर थांबला होता. घरी संडास बांधल्याचं तिनं सांगितलं. मग दंडावर पट्टी बांधून घेताना म्हणाली,

"मामंजी आता मेथी आमाला धुवू देत न्हाईत. सोताच धुतेत, तीन-तीन पाण्यानं. का, ते सांगत न्हाईत."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला संशय होता की सगळं माहीत होतं, मी ओळखू शकले नाही. मी तिला मूठ घट्ट आवळायला सांगितली आणि शीर शोधली.

त्यानंतर कुणी दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल लेखी पत्र मागायला आलं, की मी आधी त्याच्या हातात त्याच्याच नमुन्यासाठी एक रिकामी डबी देते. बहुतेक जण पत्र न घेताच जातात.